सॅमन आणि ट्राउट एकाच दिवशी मिळतील का? केनाई नदीवर गाईड घेण्याआधी

तुम्ही विचारलंय ते आधी एकदा मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही अमेरिकेतच राहता, पण अलास्काबाहेर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले सत्तरीतले आई-बाबा अलास्काला जाताय. केनाई नदीवर एक दिवस गाईड घेऊन मासे धरायचे आहेत. बाबांनी लहानपणी खाडीत गळ टाकलेला आहे, बाकी कोणी रॉड हातात धरलेला नाही. दोन गाईडना लिहिलंत. एकाने कळवलं, सॅमन आणि ट्राउट दोन्ही एका दिवसात करून देतो. दुसरा म्हणाला, आधी एक काहीतरी ठरवा. आता कोणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं ऐका. पहिला खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. दोन्ही मासे एका दिवसात मिळाल्याचे दिवस मीही पाहिलेत. पण तुमचं कुटुंब आणि तुमची तारीख बघता त्या धावपळीत निम्मा दिवस गाडीत आणि बोटी बदलण्यात जाईल, आणि आई-बाबांच्या वाट्याला काठावर बसून राहणं येईल. मी केनाईवर उन्हाळ्यात वल्ह्यांच्या बोटीवर गाईडचं काम करतो. पहिल्यांदा येणारी बहुतेक कुटुंबं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात सॅमन आणि ट्राउट धरणं ही दोन वेगळी कामं आहेत. सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणं थांबवतो. अंगात साठवलेल्या चरबीवर तो उगमाकडे पोहत जातो, अंडी घालतो आणि मरतो. पॅसिफिकच्या पाचही जातींचं असंच आहे. म्हणजे नदीतला सॅमन भुकेला नसतो, तो वाटेवर असतो. त्याला धरायचं तर त्याची वाट ओळखून तिथे उभं राहावं लागतं. रेनबो ट्राउट नदीतच राहतो आणि रोज खातो. त्याच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी मेजवानी म्हणजे सॅमनची गाबोळी. त्याला धरायचं तर तो त्या आठवड्यात काय खातोय ते ओळखून हुबेहूब तेच, प्रवाहाच्याच वेगाने, त्याच्या तोंडापुढून न्यावं लागतं. एकाची वाट अडवायची, दुसऱ्याला ताट वाढायचं. जागा वेगळी, सामान वेगळं, आणि तुम्ही उभे आहात की बसलेले हेसुद्धा वेगळं. तुमच्या घरच्यांच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दाच निर्णायक आहे.

आता नदी समजून घ्या. केनाई ८२ मैलांची आहे. केनाई लेकमधून कूपर लँडिंगपाशी निघते, मध्ये स्किलाक लेकमध्ये शिरते, पुन्हा बाहेर पडून सोल्डोट्ना गावावरून कुक इनलेट या समुद्राच्या फाट्याला मिळते. पाणी हिमनद्यांचं, म्हणून रंग दुधाळ निळा-हिरवा आणि गारठा हाडात शिरणारा. कूपर लँडिंग ते स्किलाक हा वरचा भाग आम्ही अपर केनाई म्हणतो. कूपर लँडिंगच्या पुलापासून प्रवाहाच्या दिशेने खाली या भागात मोटरला बंदी आहे, सगळं वल्ह्यांवर. इथे आमिषही चालत नाही. फक्त कृत्रिम लुअर (धातूचं किंवा प्लास्टिकचं नकली भक्ष्य) किंवा फ्लाय (पिसं-दोऱ्यांनी बांधलेली किड्याची वा माशाची नक्कल), आणि तीही एकाच गळाची. स्किलाकच्या खाली मोटरबोटी चालतात, तिथे काठ लांबच लांब आहे आणि सॉकआय सॅमनची गर्दीही तिथेच. अँकरेजहून कूपर लँडिंग गाडीने साधारण दोन तास, सोल्डोट्ना तीन तास. एका दिवसात दोन्हीकडे जायचं म्हणजे काय, हे यावरूनच लक्षात येईल.

तारखेवर खूप काही अवलंबून आहे, आणि ते कोणत्याही गाईडच्या हातात नाही. सॉकआयचा मोठा लोंढा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो ओसरायला लागलेला असतो, पण मासा असतो, आणि काही वर्षी लोंढा उशिरा आला तर भरपूर असतो. सम आकड्याच्या वर्षी ऑगस्टमध्ये पिंक सॅमन प्रचंड येतात. खायला ते सॉकआयच्या तोडीचे नाहीत, पण मुलांना धरायला मजा येते. सिल्व्हर, म्हणजे कोहो, ऑगस्टमध्ये यायला लागतो आणि सप्टेंबरभर असतो. तो खात नसला तरी चिडून लुअरवर झडप घालतो, त्यामुळे नवख्या माणसाला सॅमनमध्ये तोच जास्त आनंद देतो. ट्राउटसाठी अपर केनाई ११ जूनला उघडते. मे महिन्यापासून तोवर ट्राउट अंडी घालत असतो, म्हणून बंदी असते. ट्राउटचा खरा हंगाम मात्र ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. सॅमन अंडी घालायला लागतात आणि सुटलेली अंडी प्रवाहातून वाहायला लागतात तो काळ. तुमच्या तारखेला याची नुकती सुरुवात असेल. ट्राउट मिळेल, पण सप्टेंबरइतका सोकावलेला नसेल.

किंग सॅमनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबा नक्की विचारतील. कारण केनाईचं नाव त्याच माशामुळे जगभर झालं. १७ मे १९८५ रोजी लेस अँडरसन यांनी या नदीत ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे ४४ किलोंचा किंग धरला. रॉडने धरलेल्या किंगचा जागतिक विक्रम आजही तोच आहे. पण इथले मोठे किंग गेल्या काही वर्षांत फार घटले. अलास्काच्या मत्स्य मंडळाने केनाईचा उशिरा येणारा किंग चिंताजनक साठा म्हणून जाहीर केला. त्यामुळे किंग डोक्यातून काढून टाका. जुने फोटो दाखवून कोणी गाईड किंगची आशा लावत असेल, तर त्याला दुसरा प्रश्नही विचारू नका.

आता सॉकआय कसा धरतात ते सांगतो, कारण त्याची कल्पना न करताच लोक बुकिंग करतात. सॉकआय समुद्रातही प्लवंग आणि बारीक कोळंबीसारखे जीव गाळून खाणारा मासा. नदीत तर त्याला कशाचंच आकर्षण नाही. मधल्या प्रवाहाचा जोर टाळायला तो काठाला अगदी चिकटून, गुडघाभर ते मांडीभर पाण्यातून वर सरकतो, आणि पोहताना तोंड उघड-मिट करत असतो. आपण शिसं लावलेली दोरी प्रवाहाला आडवी सोडायची. शिसं तळाला टेकत टेकत जातं, दोरी माशाच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. एक फेकी, एक झोका, पुन्हा उचल, पुन्हा फेकी. तासभरात खांदा भरून येतो. शिवाय हे सगळं पाण्यात उभं राहून, गोल गुळगुळीत गोट्यांवर, घोट्याला प्रवाह ढकलत असताना. नवीन लोक उत्साहाने कमरेपर्यंत आत जातात आणि मासे त्यांच्या पाठीमागून निघून जातात. गाईड पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला मागे ओढेल, ते याचसाठी.

तोंडाऐवजी पाठीत किंवा पंखात गळ रुतला, तर मासा सोडावाच लागतो, इथला तसा कायदा आहे. तो ताबडतोब सोडा, ओढत बसू नका. आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. गळ सुटला की शिसं गोळीसारखं परत चेहऱ्याकडे येतं. चष्मा नसेल तर डोळा जाऊ शकतो. पाण्यात रॉड हातात नसला, नुसतं बघत उभं असलं, तरी प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा हवा. पोलराइज्ड असला तर पाण्यातला मासाही दिसतो.

हे वाचून आई-बाबा तिथे उभे राहतील का ते तुम्हीच ठरवा. सत्तरीतले काटक लोक मी सॉकआयच्या रांगेत पाहिलेत. पण गुडघ्यांचा त्रास असेल तर हा प्रकार नको. काही गाईडकडे काठाला बोट बांधून बोटीतूनच झोके मारायची सोय असते. ती आहे का ते विचारा.

ट्राउटची बोट याच्या अगदी उलट. पुष्कळांना वाटतं की ट्राउट म्हणजे फ्लाय फिशिंग आणि फ्लाय फिशिंग म्हणजे वर्षानुवर्षांचा सराव. नदीच्या पात्रात उभं राहून लांब फेकी करायची असेल तर ते खरं आहे. ड्रिफ्ट बोटीत तसं नसतं. गाईड मध्ये बसून प्रवाहाविरुद्ध उलटी वल्ही मारतो आणि बोटीचा वेग पाण्याच्या वेगाशी जुळवतो. तुम्ही बसलेले असता. दोरीवर एक तरंगणारं बोंड, खाली थोडं शिसं, आणि त्याखाली सॅमनच्या अंड्यासारखा एक मणी, त्याला लागून गळ. एवढं बोटीच्या बाजूला टाकायचं आणि बोंडावर नजर ठेवायची. बोंड बुडालं, थबकलं किंवा नुसतं थरथरलं, तरी रॉड वर. ११ वर्षांची मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, कारण त्यांची नजर बोंडावरून हलत नाही आणि ती आपलं डोकं चालवत नाहीत. खरं कौशल्य वल्ह्यांत आहे, आणि ते गाईडचं काम. मणी आणि पाणी एका वेगाने गेले तर ट्राउट फसतो. मणी इंचभर जरी ओढला गेला तरी तो ओळखतो.

मण्याचा रंगही महत्त्वाचा. ताजं अंडं गडद नारिंगी, झळझळीत. पाण्यात वाहून जुनं झालेलं फिकट, दुधी. ऑगस्टच्या सुरुवातीला अंडी थोडी असतात, म्हणून आम्ही बऱ्याचदा मेलेल्या सॅमनच्या मांसासारखी दिसणारी फ्लाय किंवा तळाच्या बारक्या माशांची नक्कलही लावतो. तुम्हाला हे पाठ करायची गरज नाही. पण गाईडला एकदा विचारून बघा, "त्या आठवड्यात ट्राउट काय खात असेल?" चांगला गाईड त्यावर दहा मिनिटं बोलतो. नुसतं "सगळं चालतं" म्हणणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही.

मासा लागला की नवखी माणसं एकच गोष्ट करतात, रिळाची मूठ घट्ट धरतात. ट्राउट पळतो तेव्हा मूठ सोडायची आणि रॉड वर ठेवायचा. तो थांबला की गुंडाळायचं. मुलीला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पहिला मासा तुटला की मुलांचा चेहरा पडतो.

वरच्या भागात दोन टप्पे आहेत. कूपर लँडिंगहून जिम्स लँडिंगपर्यंतचा प्रवास तुलनेने शांत. त्याखाली कॅनियन, म्हणजे अरुंद घळ लागते. तिथे पाणी खवळलेलं असतं आणि पुढे स्किलाक लेक ओलांडेपर्यंत मध्ये कुठे उतरता येत नाही. तुमच्या कुटुंबासाठी जिम्स लँडिंगला संपणारी अर्ध्या दिवसाची ट्रिप घ्या. मुलीला लाइफ जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे, १३ वर्षांखालच्या सगळ्यांना ते लागतं. पण तुम्ही सगळ्यांनीच घाला. या पाण्यात पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही.

ट्राउट धरला की सोडायचा. ठेवायची मुभा फक्त लहान माशापुरती आहे, आणि बहुतेक गाईड तोही ठेवत नाहीत. मराठी घरातून आलेल्या पाहुण्यांना हे पटवणं मला कधीकधी अवघड जातं. खाडीत गळ टाकलेल्या माणसाला धरलेला मासा पाण्यात सोडणं विचित्र वाटणारच. त्यामागचं कारण साधं आहे. सॉकआय अंडी घालून मरणारच असतो. किती मासे वर गेले हे सोनारने, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्राने मोजतात, आणि पुरेसे गेल्यावर उरलेले आपण खाल्ले तर नदीचं काही बिघडत नाही. हातात धरलेला मोठा रेनबो मात्र बरीच वर्षं जगलेला असतो आणि पुढेही अंडी घालणार असतो. इतक्या लोकांनी ते घरी नेले असते तर आज तुम्हाला दाखवायला एकही उरला नसता. म्हणून फोटो काढताना हात ओले करा, मासा पाण्यालगत धरा, कल्ल्यात बोट घालू नका आणि पोट दाबू नका. जाळ्यातच ठेवून काढलेला फोटो सगळ्यात चांगला.

आता तुमच्यासाठी मी काय करेन ते सांगतो. एक दिवस न घेता दोन सकाळी घ्या. पहिल्या सकाळी पाचही जण अपर केनाईवर ट्राउटसाठी. एका ड्रिफ्ट बोटीत साधारण दोन-तीन जणांना नीट मासे धरता येतात, म्हणजे दोन बोटी लागतील. मुलगी आजोबांच्या बोटीत बसू दे. दुसऱ्या सकाळी तुम्ही दोघं, आणि पाय चांगले असतील तर बाबा, खालच्या भागात सॉकआयसाठी. आई आणि मुलगी त्या दिवशी काठावर असतील किंवा मुक्कामावर आराम करतील. दुसरा दिवस काढणं शक्यच नसेल, तर सॉकआय सोडा आणि ट्राउटची सकाळ ठेवा. खायला सॅमन त्या भागात विकत मिळतो, ती सकाळ मिळत नाही. आणि तारीख हलवता आली तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडा बघा. तेव्हा सिल्व्हर आणि ट्राउट दोन्ही जोरात असतात. पण मुलीची शाळा आहे, त्यामुळे यावर मी जोर देत नाही.

गाईड निवडताना वेबसाइटवरच्या फोटोंपेक्षा त्याच्या उत्तरांकडे बघा. केनाईवर गाईड होण्यासाठी केनाई पेनिन्सुला कॉलेजमधली गाईड ॲकॅडमी करावी लागते, शिवाय परमिट लागतं. वरच्या भागातली परमिट मोजकीच आहेत, त्यामुळे परवाना नसलेला माणूस स्वस्तात मिळाला तर दूर राहा. ज्या गाईडशी बोलणी चालू आहेत त्याला घरच्यांबद्दल स्पष्ट लिहा. वय, गुडघे, कोणाला पोहता येतं, बाथरूमसाठी किती वेळाने थांबावं लागेल, सगळं. आईंच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा मासळीपेक्षा महत्त्वाचा आहे आणि कोणीही तो विचारत नाही. बोटीत किती जण असतील, प्रत्यक्ष वल्ही कोण मारणार, पाणी चढलं किंवा गढूळ झालं तर काय, तारीख रद्द झाली तर पैशांचं काय, हे बुकिंगआधी लेखी घ्या. मासा मिळण्याची हमी देणाऱ्यापेक्षा "त्या आठवड्यात एवढी शक्यता आहे" असं सांगणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पैशांबाबत, दर दरवर्षी बदलतात, म्हणून आकड्यापेक्षा त्यात काय धरलंय ते बघा. दर माणशी आहे की बोटीचा? वेडर्स (पाण्यात उभं राहायला घालायची जलरोधक विजार), रॉड, मासा साफ करणं धरलंय का? परवान्याचे पैसे जवळजवळ नेहमी वेगळे. अलास्काबाहेरच्यांना एका दिवसाचा परवाना १५ डॉलर, तीन दिवसांचा ३० डॉलर. १६ वर्षांखालच्यांना लागत नाही, म्हणजे मुलीचा खर्च नाही. परवाना ऑनलाइन काढता येतो, आदल्या रात्रीच काढून ठेवा. टिप १५ ते २० टक्के देण्याचा रिवाज आहे, ती बजेटमध्ये आधीच धरा.

कपड्यांचं थोडक्यात. ऑगस्टमध्येही पहाटे स्वेटर लागतो आणि भुरभुर पाऊस कधीही येतो. जीन्स आणि सुती कपडे ओले झाले की वाळत नाहीत, लोकरीचे किंवा सिंथेटिक घाला, वर पावसाळी जाकीट. आईंना बोटीत बसून थंडी वाजेल, म्हणून हातमोजे आणि गरम चहाचा थर्मास घ्या. अस्वलं इथे खरोखर असतात, सॅमन त्यांचंही अन्न आहे. खाण्याची पिशवी आणि धरलेला मासा काठावर टाकून लांब जायचं नाही, आणि अस्वल आलं तर गाईड सांगेल तसं एकत्र, सावकाश मागे व्हायचं. पळायचं नाही.

शेवटी नियमांबद्दल. इथे हंगामाच्या मध्येच नियम बदलतात. मत्स्य विभाग नदीच्या मुखापासून १९ व्या मैलावरच्या सोनारने वर जाणारे सॉकआय रोज मोजतो आणि आकडे ऑनलाइन टाकतो. मासे कमी पडले तर आदेश काढून मासेमारी बंद किंवा मर्यादित करतात. भरपूर आले तर माणशी रोज तीन माशांची मर्यादा वाढवतात. तुमच्या सॉकआयच्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी तो आदेश एकदा बघा. आणि बुकिंग करतानाच गाईडला विचारून ठेवा, सॉकआय बंद झाला तर तो तुम्हाला त्याच पैशांत ट्राउटला नेईल का. अपर केनाईचं परमिट नसलेला गाईड स्किलाकच्या खालीही ट्राउट धरून देऊ शकतो, फक्त ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं.